रस्त्याचा राजा

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरकडे जाणारा रस्ता झोपत नाही. गणपतीच्या दर्शनाला निघालेले भाविक गटागटाने पायी चालत असतात. मागून एखादी मोटार आली म्हणजे तिच्या दिव्यांचा झोत दूरवर पसरतो. रस्त्याकडेच्या बाभळी, मैलाचे दगड आणि चालणाऱ्यांच्या पाठी क्षणभर उजळून निघतात, आणि मोटार पुढे गेली की पुन्हा काळोख होतो. ह्याच रस्त्याने पूर्वी बैलगाड्या जात. गाडीच्या बुडाशी एक कंदील टांगलेला असे. तो बहुधा कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील असायचा. त्याच्या पिवळसर उजेडात बैलांचे खूर आणि चाकाच्या लोखंडी धावेचा थोडासा भाग एवढेच काय ते दिसे. मग अशा दिव्याचा गाडीवानाला उपयोग तरी कोणता, असे तुम्ही विचाराल.

मुलांनो, रस्त्यावरच्या दिव्याची कामे दोन असतात. आपल्याला वाट दिसावी हे एक, आणि आपण दुसऱ्याला दिसावे हे दुसरे. गाडीखालचा कंदील मुख्यतः हे दुसरे काम करी. बैलांना वाट पायाखालची असे. गाडीवानाने डुलकी काढली तरी ते घरी पोहोचत. परंतु माणसाने बैल सोडून यंत्राच्या वाहनावर बसायला सुरुवात केली, तेव्हा पहिले कामही दिव्यावरच येऊन पडले. यंत्राला वाट ठाऊक नसते. सायकल आणि मोटार ह्या दोन्ही वाहनांना उजेड पुरवून ज्या घराण्याने जगभर नाव मिळवले, त्याच्या मूळ पुरुषाची, म्हणजे जोसेफ लूकस यांची ही हकीकत आहे.

इंग्लंडच्या मध्यभागी बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. ह्या शहराजवळ समुद्र नाही आणि मोठी नदीही नाही. जे होते ते कालवे होते, आणि त्या कालव्यांतून येणारा कोळसा व लोखंड. एकोणिसाव्या शतकात त्या शहरातील गल्ल्यागल्ल्यांतून हातोड्यांचा आवाज चाले. आपल्याकडे जशी एखाद्या गावात तांबट आळी असते, तसे हे अवघे शहरच धातुकाम करणाऱ्यांचे होते. बटणे, साखळ्या, दागिने, कुलपे, बंदुका अशा शेकडो वस्तू तेथे तयार होत. टाकाला लावायच्या पोलादी निबा तर तेथून जगभर जात. एकेका वस्तूचे छोटे छोटे कारखाने असत. बाप काम करी आणि मुले त्याच्या हाताखाली शिकत.

ह्याच शहराच्या हॉकली भागात, कार्व्हर स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर, १२ एप्रिल १८३४ रोजी जोसेफचा जन्म झाला. त्याचा बाप बेंजामिन हा भांड्यांना मुलामा देणारा कारागीर होता. घरची स्थिती बेताचीच होती. जोसेफ हाताशी आला तेव्हा त्याला एल्किंग्टन यांच्या प्रसिद्ध कारखान्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. ह्या एल्किंग्टन यांनी १८४० साली एका नव्या युक्तीचे हक्क मिळवले होते. चांदीचा क्षार विरघळवलेल्या द्रवात हलक्या धातूचे भांडे टांगायचे आणि त्यातून विजेचा प्रवाह सोडायचा. म्हणजे चांदीचा पातळ, एकसारखा थर भांड्यावर चढतो. त्या कामात हात स्वच्छ, नजर बारीक आणि मनगट हलके असावे लागते. पत्रा कोठे दबेल, कोठे फाटेल, सांधा कोठे गळेल, हे बोटांना आपोआप कळू लागते. जोसेफला हे शिक्षण पुढे फार उपयोगी पडले. मात्र ते उपयोगी पडण्याआधी बरीच वर्षे जावी लागली.

१८५४ साली, विसाव्या वर्षी, जोसेफचे एमिली स्टीव्हन्स हिच्याशी लग्न झाले. पुढच्याच वर्षी हॅरी हा मुलगा जन्मला. संसार वाढत गेला, पण मिळकत वाढली नाही. आणि एक दिवस असा आला की हातचे कामही गेले. चांगल्या कारखान्यात शिकलेला, तरुण, धट्टाकट्टा माणूस. पण कामावाचून घरी बसण्याची पाळी आली. त्या काळी बेकाराला कोणाचा आधार नसे. सरकारी अनाथगृहासारखी एक जागा असे. पण तेथे पाऊल टाकणे हा गरिबातल्या गरिबालाही मोठा अपमान वाटे.

जोसेफने १८६० च्या सुमारास एक हातगाडी मिळवली. तिच्यावर तेलाचे पिंप ठेवले, बाजूला बादल्या, फावडी, कोळसा उचलायची सुपली असल्या वस्तू रचल्या आणि हॉकलीच्या गल्ल्यांतून तो ओरडत फिरू लागला. चांदीचा मुलामा देणारा कारागीर तेलवाला झाला! शेजाऱ्यापाजाऱ्यांना ह्याचे हसू आले असेल, तर त्यात नवल नाही. परंतु ह्या माणसाने निवडलेला माल पाहा. त्याने विकायला घेतले ते पॅराफिन, म्हणजे आपण ज्याला रॉकेल म्हणतो त्या जातीचे तेल. तोपर्यंत गरिबांच्या घरी चरबीची मेणबत्ती जळे. ती धूर करी, वास मारी आणि उजेड मात्र जेमतेम देई. आपल्याकडे करडईच्या किंवा तिळाच्या तेलावर समई जळे, तीच गोष्ट. १८५० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये जेम्स यंग याने खनिजापासून दिव्याचे तेल काढण्याचा धंदा उभारला होता. १८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात जमिनीत भोक पाडून खनिज तेल वर काढण्यात आले. तेल स्वस्त झाले. घरोघर काचेच्या दिव्यांची हौस सुरू झाली. ज्याच्या घरी दिवा आला, त्याला दर आठवड्याला तेल लागणार. आणि तेल घेणाऱ्याला बादलीही केव्हातरी लागणार. जोसेफ दारोदार हिंडत होता तो अशा काळात.

हातगाडी ओढणाऱ्याचा एक फायदा असतो, तो दुकानात बसणाऱ्याला मिळत नाही. लोकांच्या घरातल्या वस्तूंचे काय होते, हे त्याला उंबऱ्यावरूनच दिसते. कोणाचा दिवा गळतो, कोणाचा काजळी धरतो, कोणाचा दार उघडताच विझतो. जोसेफच्या मनात दिवे करण्याचा विचार नेमका केव्हा आला हे कोणी लिहून ठेवलेले नाही; पण तेल विकता विकताच तो आला असला पाहिजे. हळूहळू त्याने पत्र्याच्या वस्तू स्वतः करायला घेतल्या. प्रथम कुंड्यांची बैठक, सुपली, बादल्या. आणि मग दिवे.

१८७२ च्या सुमारास हॅरी सतरा वर्षांचा झाला आणि बापाच्या कामात आला. आतापर्यंत एकट्याच्या खांद्यावर असलेला धंदा दोघांचा झाला. १८७५ साली लूकस यांच्या कारखान्यातून जहाजांचे दिवे बाहेर पडू लागले. त्यातील एकाला 'टॉम बोलिंग' असे नाव दिले होते. हे इंग्रजी नाविकांच्या एका जुन्या गाण्यातील खलाशाचे नाव. खलाशांना ते आपलेसे वाटे. समुद्रापासून दूर असलेल्या गावात जहाजाचे दिवे व्हावेत ही गंमतच आहे.

जहाजाचा दिवा करणे सोपे नसते. रात्री जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा लावावा लागतो. समोरून येणाऱ्या जहाजाला हे रंग पाहून कळते की हे जहाज कोणत्या दिशेने चालले आहे. दिवा विझला तर दोन जहाजे एकमेकांवर आदळतील. आणि समुद्रावर वारा तर अखंड वाहतो. म्हणून दिव्याच्या आत हवा जाईल पण वारा जाणार नाही, अशी रचना करावी लागते. ज्योतीला श्वास हवा; फुंकर नको. पत्र्याला कोठे भोके पाडायची, त्यांच्या आड कोठे पडदा घालायचा, धूर वरून कसा काढायचा, ह्या साऱ्या गोष्टी पुनःपुन्हा करून पाहिल्यावाचून समजत नाहीत. जोसेफ व हॅरी ह्या बापलेकांनी त्या जहाजांच्या दिव्यांवर समजून घेतल्या.

याच सुमारास इंग्लंडच्या रस्त्यांवर एक विचित्र वाहन दिसू लागले होते. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच आणि मागचे अगदी चिमुकले. स्वार त्या मोठ्या चाकाच्या माथ्यावर बसे. पुढच्या चाकाला एखादा दगड आडवा आला, तर तो थेट डोक्यावर पडे. दिवसा हा धोका, मग रात्री काय अवस्था असेल! ह्या उंच सायकलीला दिवा लावायचा तरी कोठे? वर हाताजवळ लावला, तर दर धक्क्याला तो हिंदकळून विझे. शिवाय उजेड रस्त्यापर्यंत नीट पोहोचत नसे.

हॅरीने १८७९ साली एक युक्ती काढली. आपल्या बैलगाडीच्या चाकाला मधोमध तुंबा असतो आणि त्यात आरे बसवलेले असतात, हे तुम्ही पाहिले असेल. सायकलीच्या मोठ्या चाकालाही तसाच तुंबा होता, आणि त्याच्या दोन्ही टोकांना तारांचे आरे जोडलेले असल्यामुळे मध्ये बरीच पोकळी राही. हॅरीने दिव्याचा माथा बिजागरीने उघडेल असा केला. तो माथा उघडायचा, तुंब्याच्या दांड्याला वेढून बंद करायचा, म्हणजे दिवा चाकाच्या आत, आऱ्यांच्या मध्ये, झुल्यासारखा लोंबत राही. चाक गरगर फिरे. पण खालच्या तेलाच्या भांड्याच्या वजनामुळे दिवा सरळ राही. आणि उजेड पडे तो जमिनीजवळून, नेमका जेथे खड्डे व दगड असत तेथे. ह्या दिव्याला त्यांनी 'किंग ऑफ द रोड' म्हणजे 'रस्त्याचा राजा' असे नाव ठेवले.

हे नाव आता आपल्याला थोडे भपकेबाज वाटते. पण लूकस यांनी ते जपून वापरले. आपल्या सर्वच दिव्यांना त्यांनी हे नाव दिले नाही. जे सर्वांत चांगले आणि सर्वांत महाग असत, त्यांनाच ते मिळे. तेव्हा हे नाव पाहिले की गिऱ्हाईक निःशंक होऊन पैसे मोजी.

१८८२ साली जोसेफ लूकस यांनी मुलाला धंद्यात बरोबरीचा भागीदार केले आणि पेढीवर 'जोसेफ लूकस आणि पुत्र' अशी पाटी लागली. एक वर्षभर आधी किंवा नंतर लावली असती तरी चालले असते, असे कोणी म्हणेल. पण ज्या दिव्याने धंदा नावारूपाला आणला, तो दिवा मुलाच्या डोक्यातून निघाला होता, आणि बापाने ते उघडपणे मान्य केले. सगळ्याच घराण्यांत हे घडत नाही. चालता धंदा मुलाच्या हाती देताना भल्याभल्यांचे हात आखडतात.

यानंतरच्या काही वर्षांत सायकलीचे रूपच पालटले. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने कॉव्हेंट्री गावात दोन्ही चाके सारखी असलेली आणि साखळीने चालणारी सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेली धाव बसवली. सायकल आता धाडसी तरुणांचे खेळणे राहिली नाही. शिक्षक, कारकून, कामगार, स्त्रिया, सर्वजण तिच्यावर बसू लागले. हॅरीचा तुंब्यातला दिवा ह्या नव्या सायकलीला लागू पडत नव्हता. तेव्हा लूकस यांनी तो बाजूला ठेवला आणि पुढे दांड्यावर बसणारे दिवे केले. धक्क्याने विझू नये म्हणून त्या दिव्यांना स्प्रिंगांची बैठक दिली.

दिव्याला कायद्याचीही मदत झाली. १८८८ साली इंग्लंडमध्ये असा नियम झाला की, सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत प्रत्येक सायकलीला पेटता दिवा असलाच पाहिजे. हा नियम आपल्याकडेही आला आणि पुष्कळ वर्षे चालला. आमच्या लहानपणी रात्री बिनदिव्याच्या सायकलस्वाराला शिपाई अडवीत असे. मग काही हुशार मुले कागदाच्या पुडीत मेणबत्ती धरून एका हाताने सायकल हाकीत. शिपाई दिसला की मेणबत्ती विझलेली असायची, आणि ती वाऱ्याने आत्ताच विझली असे सांगण्यात येई! सांगायचे तात्पर्य, कायद्याने दिवा लावायला लावले, तरी तो न विझता पुढच्या वळणापर्यंत जळत ठेवणे हे काम कारागिराचेच होते. लूकस यांचा दिवा त्यात सरस ठरला, म्हणून तो खपला. शतकाच्या अखेरीस त्यांच्या पेढीची मोठी भागभांडवलाची कंपनी झाली आणि ग्रेट किंग स्ट्रीटवरच्या कारखान्यात शेकडो माणसे काम करू लागली.

जोसेफ लूकस आता श्रीमंत झाले होते. तरी दारूचा एक थेंबही त्यांनी कधी घेतला नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. बर्मिंगहॅमच्या कामकऱ्यांची मजुरी शनिवारी रात्री गुत्त्यात संपे आणि रविवारी घरी चूल पेटत नसे, हे त्यांनी हातगाडी ओढत असताना पाहिले होते. दारूबंदीच्या चळवळीत ते मनापासून काम करीत.

आता मोटारीकडे वळू. इंग्लंडमध्ये १८६५ सालच्या कायद्याने रस्त्यावरून चालणाऱ्या यांत्रिक गाडीला गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल एवढीच गती ठरवून दिली होती. गाडीच्या पुढे एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे, अशीही तजवीज होती. पायी चालणारा माणूसच ज्या गाडीच्या पुढे, तिला दिव्याची गरज ती काय! १८९६ साली हा कायदा गेला आणि मोटारी पळू लागल्या. आता मात्र तेलाची वात पुरेना. ताशी वीस मैलांनी जाणाऱ्या गाडीला पुढचा रस्ता पुष्कळ आधी दिसावा लागतो. थांबायचे ठरवल्यावरही गाडी काही अंतर पुढे जाते, आणि तेवढे अंतर तरी उजेडात असलेच पाहिजे.

त्याच सुमारास कॅल्शियम कार्बाइड हा पदार्थ स्वस्त झाला होता. करड्या रंगाच्या ह्या खड्यांवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो, आणि तो लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळतो. कार्बाइडने आंबे पिकवतात हे तुम्ही ऐकले असेल. आता त्याला बंदी आहे. तोच हा पदार्थ. दिव्याच्या वरच्या कप्प्यात पाणी आणि खालच्या कप्प्यात खडे ठेवीत. पाणी थेंबथेंब सोडले की वायू तयार होऊन नळीतून ज्योतीकडे जाई. मोटारीच्या बाजूला वायूचे पात्र बसवून रबरी नळ्यांनी तो वायू पुढच्या दोन मोठ्या दिव्यांना पुरवीत. ज्योतीच्या मागे आरशासारखा वाटोळा पत्रा असे. त्यामुळे उजेड चहूकडे न सांडता पुढे झोताने जाई. चांदीचा मुलामा देण्याची जोसेफ यांची जुनी विद्या अशा ठिकाणी किती मोलाची, हे निराळे सांगायला नको. हे दिवे पितळेचे, घासूनपुसून सोन्यासारखे चकचकीत केलेले असत. पण त्यांची सेवा मोठी कडक होती. प्रवास संपला की खालच्या कप्प्यात साचलेला चुन्याचा चिखल खरवडून काढावा लागे. वायूला लसणासारखा उग्र वास येई. आणि कडाक्याच्या थंडीत पाणी गोठले की दिवा मुळीच पेटत नसे.

मोटारींचे हे युग उगवत होते आणि जोसेफ लूकस यांचे वय अडुसष्ट झाले होते. १९०२ सालच्या हिवाळ्यात ते इटलीच्या प्रवासाला गेले. नेपल्स शहरात त्यांना विषमज्वराने गाठले, आणि २७ डिसेंबर १९०२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्याविषयी असे सांगितले जाते की, त्या गावचे पाणी चांगले नसल्यामुळे प्रवासी पाण्याऐवजी द्राक्षाची दारू पीत. परंतु त्यांनी आपला नेम मोडला नाही व पाणीच घेतले. ही गोष्ट खरी असली, तर पाणी उकळून पिण्याचा मार्ग त्यांना कोणी का सुचवला नाही, ह्याची हळहळ वाटते. त्याच साली त्यांच्या कारखान्याने मोटारींच्या सामानाचे काम नेटाने हाती घेतले होते.

पुढची गोष्ट मुलाची आणि नातवाची आहे. विजेचा दिवा मोटारीवर बसवावा, हे सर्वांना कळत होते. अडचण होती ती वीज बरोबर नेण्याची. गाडीचे यंत्र चालू असताना त्याच्याच जोरावर फिरणारा डायनॅमो वीज तयार करतो आणि ती बॅटरीत साठते, ही व्यवस्था बसली तेव्हा कार्बाइडचे दिवे मागे पडले. अमेरिकेत १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला विजेचे दिवे आणि विजेनेच यंत्र सुरू करण्याची सोय एकदमच मिळाली. हॅरी लूकस यांनी ही दिशा ओळखली. ज्या बापलेकांनी वातीवर घर बांधले, त्याच घराने वातीला निरोप दिला.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. पेट्रोलच्या यंत्राला ठिणगी देणारे मॅग्नेटो नावाचे साधन असते. ते इंग्लंडमध्ये बहुतेक जर्मनीच्या बॉश कारखान्यातून येई. युद्ध सुरू होताच ते बंद झाले, आणि लष्कराच्या मोटारी व विमाने अडण्याची वेळ आली. बर्मिंगहॅममध्येच थॉमसन-बेनेट नावाचा मॅग्नेटो करणारा एक कारखाना होता. तो लूकस यांनी त्याच साली विकत घेतला. तोफगोळे आणि त्यांचे फ्यूजही त्यांनी केले. परदेशी माल थांबला की आपल्या पायांवर उभे राहावे लागते. आपल्याकडे ओगले बंधूंचा काचकारखाना औंध संस्थानात १९१६ साली सुरू झाला, तोही ह्याच युद्धाच्या दिवसांत.

१९१४ सालीच मॉरिस यांच्या मोटारींना विजेचे सामान पुरवण्याचा करार झाला, आणि १९२६ साली ऑस्टिन यांच्याशीही तसाच करार झाला. मग इंग्लंडमध्ये बनणाऱ्या बहुतेक मोटारींवर लूकस हे नाव दिसू लागले. हॅरी १९३९ साली वारले. त्यांचा मुलगा ऑलिव्हर हाही ह्याच कामात मुरलेला होता. तो १९४८ साली वारला.

एक गोष्ट सांगितली नाही, तर ही हकीकत एकांगी होईल. कंपनी अवाढव्य झाली, देशातील मोटारवाल्यांना दुसरीकडे जाण्याची सोय फारशी उरली नाही, आणि मग तिच्या मालाविषयी तक्रारी येऊ लागल्या. ऐन रात्री दिवे जावेत, पावसात यंत्र बंद पडावे, असे प्रकार घडू लागले. थट्टेखोर मोटारवाल्यांनी लूकस यांना 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी देऊन टाकली. थट्टेत अतिशयोक्ती असतेच, पण रस्त्यात अडकलेल्या माणसाला ती अतिशयोक्ती वाटत नाही. तुंब्यात लोंबणारा दिवा न विझावा म्हणून बापलेकांनी केलेली धडपड आठवली, म्हणजे ही पदवी अधिकच झोंबते.

हे नाव भारतातही आले. मदुराईच्या बाजूला बसवाहतुकीचा पाया घालणारे टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांचे घराणे, हेही वाहनांच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. त्या घराण्याच्या सहकार्याने १९६१ साली मद्रासजवळ पाडी येथे लूकस-टीव्हीएस हा कारखाना निघाला, आणि मोटारींचे विजेचे सामान आपल्या देशात तयार होऊ लागले. मूळ इंग्रजी कंपनी मात्र १९९६ साली एका अमेरिकन कंपनीत मिसळली, आणि बर्मिंगहॅमच्या त्या घराण्याचा धंदा स्वतंत्र राहिला नाही.

गाडीच्या पुढे माणसाने चालण्याची सक्ती १८९६ साली सुटली, त्याची आठवण म्हणून इंग्लंडमध्ये आजही नोव्हेंबर महिन्यात लंडनहून ब्रायटनपर्यंत जुन्या मोटारींची एक फेरी निघते. १९०५ च्या आधी बांधलेल्या गाड्यांनाच तीत भाग घेता येतो. सूर्य उगवण्याच्या वेळी ह्या गाड्या लंडनच्या हाइड पार्कमधून एकामागून एक सुटतात. उजाडलेले नसते, धुके असते, आणि गाड्यांच्या पुढे लावलेले घासलेले पितळी दिवे, कोणी तेलाचे, कोणी कार्बाइडचे, त्या धुक्यात जळत असतात.